हैबतीची उठबस

बसा. मांडी घालून बसा, आणि भिंतीला टेकू नका. हो, तूसुद्धा रे बाबा, पाय पसरून बसलायस तो. ही गोष्ट टेकून ऐकायची नसते. का, ते शेवटी कळेल.

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की कधी ते मला विचारू नका. मला ही माझ्या आत्यानं सांगितली, आणि आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "मी ऐकली तेव्हाही ती जुनीच होती." तर फार वर्षांपूर्वी कोंडसर नावाच्या गावात हैबती नावाचा एक मानकरी होता. आता मान कसला, ते आधी सांगतो.

कोंडसर कड्याच्या पोटाशी वसलेलं. खाली नदी. पावसाळ्यात ती अशी गर्जायची की घरातल्या घरात ओरडून बोलावं लागे, आणि फाल्गुन सरता सरता तिच्यात नुसते गोटे उरायचे. मग पाणी एकच, कड्याच्या कपारीतला झरा. त्याचं तोंड परातीएवढं, पण पाणी असं की उन्हाळाभर माणसं प्यायची, गुरं प्यायची, तरी खंड नाही. फक्त एक होतं. पावसात कड्यावरून तांबडा गाळ यायचा आणि झऱ्याचं तोंड बुजायचं. म्हणून पाऊस लागायच्या आधी झऱ्यावर एक धोंडा बसवत आणि चैती पुनवेला तो उचलून शेजारच्या गुडघाभर उंच ओट्यावर ठेवत.

त्या धोंड्याला गाव 'म्हातारी' म्हणायचं. दिसायचाच तसा. पाठीला पोक, गुडघे पोटाशी घेतलेले, मान खाली. गाळ झऱ्यात शिरताना पाहून कुणी एक म्हातारी त्यावर जाऊन बसली आणि पुन्हा उठलीच नाही, तीच ही, असं म्हणतात. म्हणून तिला पहार लावायची नाही, काठी लावायची नाही. "म्हातारीला काठी लावतात का कुणी?" एवढंच गाव विचारायचं. कपारही अशी अरुंद की एका धडधाकट माणसाचे खांदे मावले की संपलं, बाजूला फार तर एखादं सडपातळ माणूस अंग चोरून उभं राहील. त्यामुळे म्हातारीला उठवणारा एकच. तो जिवंत आहे तोवर दुसऱ्यानं तिला उचलायला हात लावायचा नाही. तो मान हैबतीचा होता.

आधीचा मानकरी वारला त्या सालची गोष्ट सांगतात. हैबतीला नुकती मिसरूड फुटलेली. तो कपारीत शिरला, खाली वाकला आणि रडणाऱ्या पोरीला कडेवर घ्यावं तशी त्यानं म्हातारी उचलली. उचलली ती उचलली, वर लोकांकडे वळून विचारलं, "कुठं ठिवू?" त्या वेळी झऱ्याचं पाणी कपारीच्या छताला जाऊन आपटलं आणि सगळ्या गावावर पाऊस पडला, असं म्हणतात. मला विचाराल तर थोडं उडालं असेल. पण गाव भिजलं हे खरं, कारण त्या दिवशी सगळे नाचत होते.

आणि इथंच कोंडसरकरांनी घोळ घातला. बाकी कुठल्या गावानं असा घोळ घातला नसता.

त्यांना वाटायचं, ताकद म्हणजे कणगीतलं धान्य. मूठभर काढलं की मूठभर कमी झालं. मग मानकऱ्यानं ती रोज रोज कशाला खर्चायची? चैती पुनवेला लागते ना, तोवर जपून ठेवावी! म्हणून मानकऱ्यानं नांगर धरायचा नाही, कुऱ्हाड उचलायची नाही, भरलेला तांब्याही दुसऱ्यानं हातात द्यायचा. घराघरातून पाळीपाळीनं दूध यायचं, तूप यायचं. पारावर त्याच्यासाठी घोंगडी अंथरलेली. हातातली सुपारी खाली पडली आणि हैबती वाकायला गेला, तर चारजण धावत यायचे. "अवं बाबा, आमी हाय की! तुमी कशाला ताकद सांडताय?"

तरुणपणी हे चाललं. अंगात रग होती. गावाची नजर चुकवून तो पुरात उड्या टाकायचा, कड्यावर मधाची पोळी काढायला चढायचा. लोकांना वाटे, तुपानं ताकद टिकली. त्यालाही तसंच वाटे. मग लग्न झालं, मान वाढला, वय वाढलं. पुरात उडी मारताना एकदा मनात आलं, 'सांडली तर?' आणि तो काठावरून मागं फिरला. त्या दिवसापासून तो बसला तो बसलाच.

आता अंग कसं असतं बघा. तरुण असताना ते सगळं सोसतं. तुम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही तरी ते तुमच्याकडे लक्ष देतं. पुढं मात्र ते अबोला धरतं. हैबतीचे गुडघे वाजायला लागले. चढ चढताना दम पुरेना. पोट पुढं आलं, पायाची बोटं दिसेनाशी झाली. दरसाल म्हातारी जड होत चालली. आधी छातीपर्यंत यायची, मग मांडीपर्यंत, आणि शेवटची दोन-तीन वर्षं त्यानं तिला कशीबशी खरडत, ओढत ओट्यावर ढकललं. पण कपारीत त्याची नुसती पाठ दिसायची. बाहेरचे लोक हर हर महादेव करायचे आणि आत हैबतीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे.

त्याची बायको ठकू. त्याच्याच बरोबरीची. केस पांढरेशुभ्र झालेले, समोरचे दोन दात गेलेले. पण नवरा मानकरी असल्यामुळे घरातली दोघांची कामं हिनं एकटीनं ओढली होती. पाणी हिनं आणायचं, लाकडं हिनं फोडायची, दळण हिनं दळायचं. एवढं करून जमिनीवर बसायची तर अशी बसायची आणि अशी उठायची की सासुरवाशिणी बघत राहायच्या.

एका माघात सुभानजी पाटलाच्या पोरीचं लग्न निघालं. मोठी पंगत. हैबतीला अर्थात पहिल्या रांगेत, मधोमध बसवलेलं. जेवणं झाली. लोक भराभर उठून हात धुवायला गेले. हैबती उठायला गेला आणि काय सांगू, कंबर उठेना! एकदा रेटा दिला, पुन्हा दिला. गुडघे ऐकायलाच तयार नाहीत. चहूकडे पाहुणे. गावाची ताकद म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं, त्याला पानावरून उठता येईना. काय करावं? त्यानं घसा खाकरून हाक मारली, "लापशी आणा रं अजून!"

वाढपी धावले. "वा बाबा, जेवा! चैताला कामाला यील." आणि वाढली बदाबदा. ती संपली, तरी माणसं हटेनात. हैबती म्हणाला, "आणा अजून." त्याला घास गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, लापशी गरम असेल.

शेवटी वरात निघाली आणि माणसं तिच्यामागं गेली. मांडवात उरली दोन कुत्री आणि हैबती. ठकू त्याला शोधत आली.

"काय वं, पाटलाचं कोठार रिकामं करताय का काय?"

"ठके," तो हळूच म्हणाला, "मला उठता यीना."

ती हसली नाही. तिनं हात पुढं केला. यानं दोन्ही हातांनी तो धरला आणि सगळा भार टाकून ओढलं. ठकू सडपातळ बाई, ती सरळ त्याच्या पानावर येऊन पडली. हात, लुगडं, तोंड, सगळं लापशीत. मग मात्र तिला हसू फुटलं. तिला बघून तोही हसला, आणि हसता हसता रडायला लागला.

"चैत तोंडावर आला गं. मला माजंच अंग उचलंना, ती म्हातारी कशी उचलू? गाव पान्यावाचून तडफडंल."

ठकूनं पदरानं तोंड पुसलं. त्याचंही पुसलं. "मी हात दीन," ती म्हणाली, "पर वढणार न्हाई. वढलं की दोघं बी पडतो, बघितलं न्हवं? आदी कुशीवर वळा. हां. आता तळवा टेका भुईला. आता गुडघा पोटाखाली घ्या. थांबा, दम खावा. घाई कुनाची हाय? आता दुसरा पाय रोवा. आता गुडघ्यावर हात, आन् उठा."

"रांगतोय गं मी लेकरावानी."

"मग? लेकरं असंच उठत्यात. त्यास्नी कोन हसतं का?"

आणि हैबती उठला. तिचा हात त्याच्या हातात होता, पण नुसता होता. उठला तो आपणहून.

दुसऱ्या दिवसापासून ठकूनं दाराला आतून कडी लावली आणि नवऱ्याला कामाला लावलं. बसा, उठा. दम लागला तर थांबा, पुन्हा बसा, पुन्हा उठा. मग जात्यावर बसवलं. पुरुष माणूस आणि जात्यावर! तो ओशाळला. ती म्हणाली, "पीठ खाताना वशाळला न्हाई ते?" तो दळू लागला. आधी पायलीतलं चिपटंही, म्हणजे ओंजळ-दोन ओंजळीही, दळून निघेना. खांदे भरून आले, रात्री कण्हला. पण सकाळी उठल्यावर त्याला नवल वाटलं. अंग दुखत होतं, पण ते आपलं आहे असं फार दिवसांनी जाणवत होतं.

एक दिवस सुभानजी पाटील स्वतः तुपाचं भांडं घेऊन आला. अंगणात ठकू शेण्या थापत होती. आत जात्याची घरघर चाललेली. पाटील म्हणाला, "दळायला बाई लावली का काय ठकूबाई?" ठकू शेण्या थापत राहिली. पाटलानं खिडकीतून आत डोकावलं. आत गावाचा मानकरी, कपाळाला पीठ लागलेलं, घामानं थबथबलेला.

पाटलाच्या हातातलं भांडं पडलं. "हैबती! तू दळतोयस? आरं, ते जोंधळं न्हाईत, आमचं पानी दळून खातोयस तू!"

तासाभरात गाव पारावर जमलं. आमच्या तुपाची ही परतफेड काय, असं एकजण म्हणाला. बायका रडायला लागल्या. हैबती उभा राहिला. उभं राहायला त्याला वेळ लागला, आणि या वेळी त्यानं तो लपवला नाही.

"ऐका," तो म्हणाला. "पाटलाच्या पंगतीत मला उठता आलं न्हाई. म्हनून मी लापशी मागत बसलो. ताकद दळून न्हाई गेली. ती बसून बसून गेली. गेल्या दोन-तीन सालांत म्हातारी मी उचलली न्हाई, वढली."

मग मागून कुणा जुन्या माणसाचा आवाज आला, "आता दुसरा कुनी बघावा म्हटलं, तर मान जित्तेपनी बदलत न्हाई."

एवढंच. पुढं कुणी काही बोललं नाही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पण त्या गप्प बसण्यात काय होतं ते हैबतीला ऐकू आलं. चैती पुनवेच्या आत हा गेला, तर दुसरा हात लागेल आणि पाणी मिळेल. वाईट माणसं नव्हती हो ती. ज्यांच्या घरचं तूप खाल्लं, ज्यांची पोरं त्याच्या मांडीवर खेळली, तीच माणसं. पण तहान वाईट. तिचं नुसतं नाव घेतलं की घसा कोरडा पडतो.

हैबती घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. जेवला नाही. ठकू ताट झाकून शेजारी बसली.

"मी गेलो तर बरं हुईल," शेवटी तो म्हणाला. "गावाला पानी मिळंल."

ठकूचा संताप संताप झाला. "मरणार? उठायला शिकला न्हाईत, आन् निगाले मरायला! आन् मी? तुमच्या वाटचं पानी मी व्हायलं, तुमच्या वाटची लाकडं मी फोडली, सारा जलम. तुमची ताकद गावानं जपली. माजी कुनी जपली वं? कुनी म्हनलं का, ठके, खाली ठेव ती घागर? न्हाई म्हनलं. राग यायचा मला. लई राग यायचा." तिनं पदर कमरेला खोचला. "आन् आता बघते, तर जपली न्हाई म्हनून तर माजी हाय शाबूत. झरा उपसला न्हाई की गाळ धरतो. तुमचं अंग कनगी न्हवं, झरा हाय. येवढं साधं कुनाला कळलं न्हाई. मला बी आत्ता बोलता बोलता कळलं बघा."

हैबतीनं पडल्या पडल्या सगळं ऐकलं. मग कुशीवर वळला, तळवा टेकला, गुडघा पोटाखाली घेतला. ठकूनं हात पुढं केला. त्यानं धरला नाही. पण तो तिथं आहे ना, हे बघून घेतलं, आणि उठून ताटावर बसला.

दुसऱ्या सकाळी कोंडसरनं पाहिलं, मानकरी खांद्यावर घागर घेऊन नदीवर चाललाय. उघड्यावर. पोरं हसली, तोही हसला. गावानं तूप बंद केलं. बरंच झालं, पोट उतरलं. नदीतला डोह रोज खाली खाली जात होता आणि हैबतीच्या खेपा रोज वाढत होत्या. वाटेत दम लागला की बांधावर बसायचा आणि बसला की आपणहून उठायचा. त्याला वाटलं होतं, असं करता करता जुनं अंग परत येईल, कडा चढणारं, पुरात पोहणारं. ते आलं नाही. ते कुणाचंच येत नाही. पण जे होतं ते ओळखीचं झालं. कुठला गुडघा कुरकुरतो, कुठला निमूट ऐकतो, दम कुठं संपतो आणि थांबलं की कुठून परत येतो, हे सगळं त्याला कळायला लागलं.

आणि चैती पुनव आली.

डोह आटला होता. गुरं हंबरत होती. सगळं गाव कपारीपुढं उभं राहिलं, पण या वेळी हर हर महादेव नाही, काही नाही. हैबती आत शिरला. बाजूच्या फटीत ठकू अंग चोरून उभी राहिली. तिला तिथं कुणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यानं खाली वाकून म्हातारीला मिठी मारली आणि आयुष्यभर जशी जोरानं वर ओढली तशी ओढली. म्हातारी हलली नाही. पुन्हा ओढलं. कमरेत लक्कन काहीतरी झालं आणि तो मागच्या मागं खाली बसला. बाहेर एका बाईनं हंबरडा फोडला. हैबती तिथंच बसून राहिला, समोर म्हातारी. दोघं समोरासमोर, दोघांचे गुडघे पोटाशी, दोघांना उठता येईना.

तो तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तिला उचलली, पण तिच्या समोर असा कधी बसला नव्हता. ती एका कुशीला जरा कललेली होती. तिच्या एका अंगाखाली बोटभर फट होती.

"म्हातारे," तो म्हणाला, आणि हे सगळ्यांनी ऐकलं, असं म्हणतात. "चुकलो गं. सारा जलम तुला वढत आलो. चल, आता हात देतो. वढणार न्हाई."

मग तो कुशीवर वळला, तळवा टेकला, गुडघा घेतला, उभा राहिला. म्हातारीच्या पाठीवर त्यानं दोन्ही तळवे ठेवले आणि तिला हळूच एका कुशीवर कलतं केलं. उचलायचं नाही, नुसतं कलतं करायचं. दुसऱ्या अंगाखालची फट रुंदावली. "ठके, धोंडा!" ठकूनं पायाशी पडलेला एक गोटा उचलून फटीत सारला. हैबतीनं म्हातारीला त्यावर टेकू दिलं. स्वतः दम खाल्ला. मग दुसऱ्या कुशीवर. आणखी एक गोटा.

पाटील ओरडला, "मान एकट्याचा हाय! बाईचा हात लागतोय!"

"म्हातारीला हात माजाच हाय," हैबती आतून म्हणाला. "तिला टेकायला नातवंडं लागत्यात. गोटे आणा, पाटील. नदीत काय कमी हायत?"

मग एक बाई नदीकडे पळाली. तिच्यामागं दुसरी. मग सगळं गाव. नदीपासून कपारीपर्यंत रांग लागली. वाकायचं, गोटा उचलायचा, उठायचं, पुढच्याच्या हातात द्यायचा. पोरांनी मुठीएवढे आणले, गड्यांनी डोक्याएवढे. आणि आपले सुभानजी पाटील? तेही वाकले. वाकले ते गोटा धरून तिथंच अडकले! त्यांच्या मागच्या बाईनं हात दिला आणि म्हणाली, "कुशीवर वळा पाटील, वढणार न्हाई मी."

सकाळ सरली, ऊन डोक्यावर आलं. एक कूस, एक गोटा, एक दम. म्हातारी बोटबोट वर येत होती. गुडघे वाजत होते, पण ते त्याचे का तिचे, कुणाला सांगता येईना. ती ओट्याच्या पातळीला आली तेव्हा हैबतीनं हात मागं घेतले, दम खायला. आणि म्हणे तेव्हा म्हातारीनं मोठा सुस्कारा टाकला, "आई गं" म्हणाली, आणि शेवटचं पाऊल आपल्या पायानं उचलून ओट्यावर जाऊन बसली. खरं-खोटं कपारीला माहीत. ठकूला कुणी विचारलं की ती म्हणायची, "मला पान्यामुळं दिसलं न्हाई." पाणी कुठलं, झऱ्याचं का डोळ्यांतलं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

झरा मात्र त्या वर्षी असा वाहिला की ओघळ थेट नदीपर्यंत गेला. पहिली घागर रिवाजाप्रमाणे हैबतीपुढं आली. त्यानं ती ठकूच्या हातात दिली.

त्या सालापासून कोंडसरमध्ये कुणाची ताकद कुणी जपून ठेवली नाही. हैबतीनंतर कुणी मानकरीही झाला नाही, म्हातारीला सगळं गावच गोटे सारून उठवू लागलं. हैबती खूप जगला. नव्वदीचा होता कुणी म्हणतं, कुणी शंभराचा म्हणतं. त्याला शेवटी नीट दिसत नव्हतं, ऐकू कमी यायचं, दात एकही नव्हता. पण रोज सकाळी कपारीपर्यंत काठी टेकत जायचा, म्हातारीसमोर बसायचा आणि उठायचा. एवढंच. एका सकाळी तो बसला आणि उठला नाही. ठकूनं हात पुढं केला. त्यानं तो धरला, हसला, आणि नाही म्हणून मान हलवली. तिनं ओढलं नाही. हात तसाच त्याच्या हातात ठेवून ती शेजारी बसून राहिली. म्हातारीच्या पाठीवर दोन तळव्यांचे खळगे आहेत. ते त्याचेच, असं म्हणतात.

आणि आजही चैती पुनवेला कोंडसरला गेलात तर बघाल. म्हातारीला उठवून झालं, झरा मोकळा झाला, तरी पाण्याला कुणी हात लावत नाही. सगळं गाव कपारीपुढं जमिनीवर बसतं. आधी सगळ्यांत वयस्कर माणूस उठतं, मग त्याहून लहान, असं करत शेवटी रांगणारी पोरं. कुणाला पटकन येतं, कुणाला वेळ लागतो. शेजारच्यानं हात द्यायचा, ओढायचं नाही. जे अंथरुणाला खिळलेत त्यांना खाटेसकट आणतात. ते उशीवरून नुसती मान उचलतात, आणि तेही उठणंच धरलं जातं. शेवटचं माणूस उठेपर्यंत घागर बुडत नाही. एका साली एका आजीला दुपार झाली. कडक ऊन, पोरं तहानलेली, समोर पाणी खळखळतंय. कुणी हूं की चूं केलं नाही. ती उठली तेव्हा सगळ्या गावाला रडू आलं, आणि मग सगळे पाणी प्याले.

याला ते 'हैबतीची उठबस' म्हणतात. तिथल्या घराघरात रोज जेवणाआधीही ती करतात. नव्या सुनेला पहिल्या दिवशी सांगतात, लहान पोराला चालायच्या आधी शिकवतात.

झाली गोष्ट. आता उठा बघू. अंहं, भिंत धरायची नाही. कुशीवर वळा, तळवा टेका, दम खा. घाई कुणाची आहे? तू राहा रे माझ्याजवळ, मला जरा वेळ लागेल. हात दे. ओढू नकोस.